पळायला लागलात तेव्हा पहिले बूट कोणते होते? (अनुभव धागा)

पहाटेचा चहा
आमच्या वॉचमनचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज अंधारात कॅनॉलच्या रस्त्याने पळतो. काल जिन्यात गाठलं मला, "काका, दोन हजारात कुठले बूट घेऊ?" मला एकदम शनिवारच्या सकाळच्या शाळेचे पांढरे कॅनव्हास आठवले. शुक्रवारी रात्री धुवायचे, सकाळी ओलेच असायचे, मग डाग दिसू नयेत म्हणून वरून खडू घासायचा. पीटीच्या सरांना पांढरं दिसलं की झालं. सोल म्हणजे रबराची पोळी. मैदानावरचा खडा न् खडा तळपायाला ओळखीचा होता. पुढे चाळिशीत परत पळायची हुक्की आली तेव्हा दुकानातल्या मुलाने आधी माझ्या पोटाकडे बघितलं आणि मग पायाकडे.
तर आपापले अनुभव लिहा. सल्ले दिलेत तरी चालेल, पोरगा वाट बघतोय.

मी अंधेरीची
नखं!! दोन्ही अंगठ्यांची काळीनिळी. एक तर अख्खं निघून आलं. सँडलचा नंबर ५ म्हटल्यावर दुकानदाराने बूटही ५ चेच काढून दिले. चालताना छान वाटले. पण पळताना पाय पुढे सरकतो, त्यात उतार असेल तर बघायलाच नको. आता ६ घेते. उभं राहून बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी. आणि दुकानात संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय सुजलेला असतो. पळताना घालणार तेच मोजे घालून जायचं. कुकरची शिट्टी झाली, येते नंतर

सातारकर
उताराचं म्हणाल तर आमच्या यवतेश्वर घाटाला या. २०१२ पासून हिल मॅरेथॉन असते. चढताना सगळे फोटो काढतात, उतरताना बोटं बोलायला लागतात. बुटाला घोट्यापाशी एक जास्तीचं भोक असतं बघा, बहुतेक जण ते रिकामंच सोडतात. लेस त्या भोकातून त्याच बाजूला परत आत घ्यायची, छोटा फासा तयार होतो. दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओढून गाठ मारायची. टाच जागची हलत नाही. फुकटचा उपाय आहे.

वऱ्हाडी ठेचा
काका त्या पोराले मोठ्या कुशनवाले जोडे नका घेऊ देऊ. सोळाशे मीटर म्हणजे ट्रॅकचे चार राउंड, हलकाच जोडा पायजे. आमच्या इकडे ग्राउंडवर अर्धे पोट्टे सेगा कंपनीचे जोडे घालून दिसते. दोन हजार लागतच नाही, उरलेल्या पैशाचे अंडे खा म्हणा. फक्त नवा जोडा डायरेक्ट मैदानी चाचणीले नको. आधी त्याच्यात पळून पळून तो पायाले बसू दे.

पहाटेचा चहा
@वऱ्हाडी ठेचा, अंड्यांचा निरोप पोचवला. तो म्हणतो आई घरात शिजवू देत नाही 😄

टाचदुखी ग्रस्त
एका चकचकीत दुकानात मला मशीनवर उभं केलं. पडद्यावर लाल-निळं पाऊल उमटलं. "सर, तुमचा पाय आत झुकतो," म्हणत आठ हजारांचा जोड पुढे. पाय आत झुकणं म्हणजे जणू गुन्हाच. पुढे फिजिओ बाईंनी सांगितलं, थोडा आत झुकणारच, धक्का पचवायची ती पायाची पद्धत आहे. अमेरिकी सैन्यात पायाची कमान बघून वेगवेगळे बूट वाटून पाहिले होते, तरी दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पायात घालून दुकानातच चार फेऱ्या पळा. कुठे टोचत नसेल, बोटं मोकळी असतील तर घ्या. माझी टाच शेवटी पोटरीच्या व्यायामाने बरी झाली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकवत नसे हो.

कोकणस्थ पण कंजूष नाही
बूट कशाला? इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ला रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला. आपली नाशिककडची धावपटू कविता राऊत सुरुवातीला सावरपाड्यात अनवाणीच पळायची. लता करे आजी बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या.

गोदाकाठ
बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून पळाला आणि परत जिंकला, ते कोण सांगणार? आणि लता करेंनी हौस म्हणून चपला काढल्या नव्हत्या हो, नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते. पाड्यावरच्या मुलींनाही कुणी "बूट हवेत का" असं विचारलेलं नसतं. ज्याच्याकडे बूट आहेत त्याने अनवाणीचं कौतुक सांगू नये असं माझं मत.

कोकणस्थ पण कंजूष नाही
मान्य. (आयडीवरून ओळखायला हवं होतंत, बचतीचा मुद्दा होता.)

डोंबिवली फास्ट नाही
माझा पहिला जोड साधा, डेकॅथलॉनमधला, सगळ्यात स्वस्त. तक्रार शून्य. खरी गंमत दुसऱ्या जोडाची. भारी म्हणून जपून खोक्यात ठेवले, दोन पावसाळे कपाटात. काढून पळायला गेलो, कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत एक सोल मागे राहिला, परतताना दुसरा. आपल्या दमट हवेत गोंद आणि फोम बसल्या बसल्या खराब होतात म्हणे. लोक "सेलमध्ये आहेत, घेऊन ठेवू" म्हणतात, त्यांना हे सांगा. वापरातले तरी ५०० ते ८०० किलोमीटर निघतात.

बे एरिया भाऊजी
इकडून, अमेरिकेतून, मेहुण्याला बूट पाठवले. तो म्हणाला नंबर ९. मी इथला ९ घेतला, तो निघाला तिकडचा ८. ते बूट आता सासरे घालून मंडईत जातात, खूश आहेत. तेव्हापासून मी सेंटीमीटरच विचारतो. बुटाच्या जिभेच्या आत लेबलवर लिहिलेलं असतं.

मी अंधेरीची
आले परत. पंजा रुंद असेल तर नंबर वाढवत बसू नका, टाच ढिली होते. काही कंपन्यांचे 'वाइड' येतात, खोक्यावर २ई किंवा ४ई असं लिहिलेलं असतं. बायकांच्या मापात दुकानात सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात. मी सरळ पुरुषांच्या कप्प्यातून घेते. रंगही बरे असतात, सगळं गुलाबी नको वाटतं.

टाचदुखी ग्रस्त
+१ गुलाबीसाठी. माझ्या बायकोचं हेच म्हणणं.

सातारकर
पावसात भिजले तर उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका. आतली गादी काढून पेपर कोंबायचा, दोन-तीनदा बदलायचा. रविवारची पुरवणी जास्त शोषते.

गोदाकाठ
पेपर घेतोय कोण आता? आमच्याकडे बंद झाला. रद्दीवाल्याने परवा विचारलं, काकू बाहेरगावी होतात का.

डोंबिवली फास्ट नाही
डोंबिवली पूर्वेला सोल चिकटवून वर शिलाई मारणारा चांगला मोची माहीत आहे का कुणाला? नुसतं चिकटवून देणारे नकोत, महिन्यात उघडतात.

कोकणस्थ पण कंजूष नाही
स्टेशनच्या जिन्याखाली एक बसायचे, आहेत का अजून बघून सांगतो. शिलाईचे वेगळे घेतात बरं का.