मदत हवी आहे: आईचे पडणे टाळण्याचे उपाय घरात रुळवायचे कसे?

नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. माझी आई 77 वर्षांची आहे. गेल्या वर्षी आषाढात पहाटे तुळशीकडे जाताना चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून पाय घसरून तिचे मनगट मोडले. मनगट जुळले, पण पुन्हा पडू नये म्हणून काय करायचे हे ठाऊक असूनही त्यातले फारसे काही घरात टिकत नाही.

डॉक्टरांनी तिचा रक्तदाब आडवी असताना आणि उभी राहिल्यावर असा दोनदा मोजला, तेव्हा वरचा आकडा 150 वरून 124 वर आला. उभे राहिल्यावर 20 किंवा त्याहून अधिक उतार धोक्याचा मानतात, कारण चक्कर येऊन तोल जाऊ शकतो. संध्याकाळची लघवी वाढवणारी गोळी त्यांनी सकाळी घ्यायला सांगितली आणि रात्रीचे उठणे तीनदाऐवजी एकदाच होऊ लागले. हा एकच उपाय बिनबोभाट रुळला, कारण त्यासाठी आईला आपली कोणतीही सवय मोडावी लागली नाही.

न्हाणीत भिंतीला दांडी बसवली, तर तिच्यावर आता ओला पंचा वाळत असतो आणि आई उठताना बादलीचा काठ धरते. पंच्यासाठी वेगळी खुंटी मारली, ती तिला लांब पडते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे लावून चालणे हे फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम तीन आठवड्यांत बंद पडले. पायांची ताकद आणि तोल यांना महिनोन्‌महिने सराव लागतो, हे मी सांगायला गेलो की "मी काय आजारी आहे?" असे ऐकावे लागते. (प्रश्न रास्त आहे, आणि माझा सूर बहुधा मास्तरकीचा लागतो.)

असे व्यायाम कोणी रोजच्या कामाला जोडून टिकवले आहेत का? चहाला उकळी येईपर्यंत टाचा उचलणे, असे काही माझ्या मनात आहे. दुसरे, दुभिंगी चष्म्याच्या खालच्या काचेतून पायरीची कड अंधूक दिसते. बाहेर जाण्यासाठी फक्त लांबचा चष्मा वेगळा करून दिल्यास वृद्ध माणसे तो खरोखर बदलतात का? शेवाळ ब्लीचिंग पावडरने घासले तरी पावसात आठवड्याभरात परत येते, त्यावर चिऱ्याला चालेल असा टिकाऊ उपाय हवा आहे.

चतुर्थीला घर माणसांनी भरेल आणि न्हाणीपासून देवघरापर्यंत लाद्या दिवसभर ओल्या राहतील. निदान त्या दांडीचे काय करावे, एवढे तरी त्याआधी कळले तर बरे होईल.