विमानतळांचे कोड: तुमचे अनुभव सांगा

तिकिटावर, बॅगेच्या टॅगवर, फलकावर ही तीन अक्षरं दिसतात. कुणाला पाठ असतात, कुणी ढुंकूनही बघत नाही. तुमचा त्यांच्याशी कसा संबंध आला ते लिहा.

तिकीटवाली: ट्रॅव्हल डेस्कवर काम करते. आमच्याकडे शहराचं नाव दुय्यम, कोड खरा. सॅन होजे म्हणालात तर मी आधी देश विचारणार. एसजेसी कॅलिफोर्नियात, एसजेओ कोस्टा रिकात. सिडनीचंही तेच, एसवायडी ऑस्ट्रेलियात, वायक्यूवाय कॅनडात. खरी डोकेदुखी मात्र लंडन. एलओएन हा अख्ख्या शहराचा कोड, तो टाकला की तिथले सगळे विमानतळ एकदम समोर येतात. गिऱ्हाईक म्हणतं, 'स्वस्तातलं बघा.' स्वस्तातलं म्हणजे उतरायचं हीथ्रोला आणि पुढचं विमान गॅटविकहून! कोड मोठ्यांदा वाचून दाखवल्याशिवाय मी पैसे घेत नाही.

बेल्टपाशी: सामान चढवायच्या कामात होतो. नावं वाचायला वेळ कुणाला? टॅगवरची मोठी तीन अक्षरं बघायची नि बॅग त्या गाडीत टाकायची. बारकोडचे दहा आकडे यंत्रासाठी. यंत्र अडलं की अक्षरंच कामाला येतात. जुने टॅग मिरवणाऱ्या बॅगा दिसल्या की अजूनही डोकं फिरतं. फाडा हो ते!

आकाशवेडा: मला विमानं ट्रॅक करायचा नाद. तिथे आयकाओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे, चार अक्षरी कोड चालतात. हीथ्रो प्रवाशांसाठी एलएचआर, वैमानिकांसाठी ईजीएलएल. ई म्हणजे उत्तर युरोप, जी म्हणजे ब्रिटन. फ्लाइट प्लॅन, हवामानाचे अहवाल, सगळं या चारांवर. तिकिटावरची तीन अक्षरं आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या संघटनेची, त्यांना अशी शिस्त नाही. टोरंटोचा कोड वायवायझेड, आता यात टोरंटो शोधा!

जुनं ते: बेशिस्तीतच तर मजा आहे! शिकागोच्या ओ'हेअरचा ओआरडी हा आधीच्या ऑर्चर्ड फील्डचा. लेनिनग्राड १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं, तरी कोड एलईडीच. सायगावचं नाव बदललं, एसजीएन राहिला.

खिडकीची सीट: पण कोड जागाही बदलतात बरं का. एप्रिल २०१९ मध्ये इस्तंबूलची प्रवासी विमानं नव्या विमानतळावर गेली, सोबत आयएसटी हा कोडही गेला. जुन्या अतातुर्कला आयएसएल मिळाला. आमचं तिकीट आधीच काढलेलं. त्यावर आयएसटी होतं आणि ते बरोबरही होतं, फक्त विमानतळ दुसराच! टॅक्सीवाल्याला कोड सांगू नका, विमानतळाचं पूर्ण नाव सांगा.