मदत हवी आहे: बडोद्यात ए.ए.ची (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटाची) मीटिंग

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारात राहतो. धाकट्या भावाने दारू सोडून २३ दिवस झाले. (गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, मग मिळते कुठे, हे कृपया विचारू नका.) एकदम सोडली की हात थरथरतात, फिटही येऊ शकते, म्हणून पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढला. आता ते म्हणतात, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (म्हणजेच ए.ए.च्या) मीटिंगला जा. फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

पण त्याला धास्ती आहे की तिथे कुणीतरी ओळखीचं भेटेल आणि "अरे, तू इथे?" म्हणेल. म्हणणारासुद्धा त्याच कामासाठी आलेला असणार, हे त्याला पटत नाही!

रावपुरा किंवा कारेलीबागेकडे संध्याकाळी सातनंतर मीटिंग भरते का? गुजराती येतं त्याला, पण मनातलं बोलायचं तर मराठी, नाहीतर हिंदी. पहिल्या दिवशी मला सोबत जायचंय, तर घरच्यांना चालणारी ओपन मीटिंग कोणत्या वारी असते? भावजयीसाठी अल-ॲनॉनचा (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा) गटही हवा आहे. तीच जास्त खचली आहे.

इथे लिहायला संकोच वाटत असेल तर मेसेज करा. कुणाचंही नाव माझ्याकडून बाहेर जाणार नाही.