सशांसाठी रायफल: साधी .२२ की .१७ एचएमआर? (आणि निफाडच्या बागेचं काय?)

गोदाकाठचा
मामेभाऊ मूळ दिंडोरीचा, सध्या न्यूझीलंडला वायकाटोत डेअरी फार्मवर कामाला. तिथे ससा हा बाहेरून आणून सोडलेला प्राणी, कुरणं फस्त करतो, त्यामुळे मालकच म्हणतो मारा. भावाला लायसन्स मिळालंय. आता पहिली रायफल कोणती, यावर घरच्या ग्रुपवर रोज वादावादी.

माझं मत: .२२ एलआर (साधं, लहान .२२ काडतूस), बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने ओढून भरायची), १६ इंची नळी, तोंडाला सायलेन्सरचे आटे. तिथे सायलेन्सर सर्रास वापरतात. एवढ्याशा दारूचा जोर १६ इंचांतच संपतो, पुढची नळी फक्त कुंपणाच्या तारेत अडकायला. आणि बोल्टच का? सबसॉनिक गोळी सेकंदाला साधारण १,०५० फुटांनी जाते, आवाजाच्या वेगाच्या आत, म्हणून चाबकासारखा कडाका होत नाही. पण तिच्यात सेमी-ऑटोमॅटिकचं, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारं यंत्र दर वेळी ओढायइतका दम असेलच असं नाही. बोल्ट आपण हाताने ओढतो, तिथे हा प्रश्नच नाही.

सीझेड ४५७ घे किंवा टिक्का टी१एक्स, दोन्ही चोख. उरलेले पैसे दुर्बिणीत घाल, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांची एकेक पेटी आणून ५० मीटरवर लावून बघ. .२२ फार लहरी. एका रायफलीत जी गोळी नाण्याएवढ्या जागेत बसते, तीच शेजारच्या रायफलीत पसरते.

सटाणा_ते_सिडनी
सपशेल असहमत. सबसॉनिक ५० मीटरला झिरो केली, म्हणजे त्या अंतराला नेम जुळवला, तर १०० मीटरला जवळजवळ वीतभर खाली लागते. संध्याकाळच्या उजेडात अंतराचा अंदाज दहा-पंधरा मीटरने चुकतोच, मग ससा नुसता जखमी होऊन बिळात जातो. .१७ एचएमआर (.२२ पेक्षा बारीक, पण फार वेगवान काडतूस) २००२ साली आली ती नेमकी या कामासाठी. १७ ग्रेनची गोळी, सेकंदाला २,५५० फूट. १०० यार्डाला झिरो केली की मधल्या अंतरात इंचभरही वर चढत नाही. दुर्बिणीतला क्रॉस ठेवा, दाबा.

आणि शेजारच्या पॅडॉकमध्ये गाई आहेत ना? .२२ ची शिशाची गोळी दगडावरून, ओल्या जमिनीवरूनसुद्धा उसळते. एचएमआरची प्लास्टिक टोकाची गोळी लागल्या जागी फुटून जाते. यावर बोला.

पंचवटीकर
१७ ग्रेन म्हणजे सव्वा ग्रॅमसुद्धा नाही हो! वायकाटोच्या वाऱ्यात ती पतंगासारखी जाईल.

सटाणा_ते_सिडनी
@पंचवटीकर हे सगळे ऐकून बोलतात. गोळी हलकी आहे, पण हवेत राहते किती वेळ? १०० यार्डापर्यंत ती .२२ च्या हाय व्हेलॉसिटी गोळीपेक्षा कमीच सरकते.

गोदाकाठचा
वाऱ्याचं बरोबर आहे. उसळण्याचं तर सगळ्यात वजनदार, म्हणून मागे बांध किंवा उतार असल्याशिवाय घोडा ओढायचाच नाही, हे भावाला बजावलंय. एचएमआर असली तरी हाच नियम. पण कडाक्याचं काय? एचएमआरला सायलेन्सर लावला तरी गोळीचा स्वतःचा कडाका राहतोच. शिवाय त्याला ससे खायचेत. छातीत लागली तर पुढच्या फऱ्याचा चिवडा. काडतूसही बरंच महाग, म्हणजे सराव कमी. पहिल्या रायफलीवर सराव नाही करायचा तर कधी?

निफाडचा_बागाईतदार
वाचून जळजळ होतेय राव. इथे द्राक्षबागेत पोपटांचा थवा उतरला की घडात दहा-बारा मणी फोडून जातो. फुटक्या मण्याचा रस खाली गळतो, मग अख्खा घड नासतो, एक्स्पोर्टवाला हातसुद्धा लावत नाही. ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात ते वेगळंच. मलाच एक .२२ हवी आहे. तिकडे मालक मारा म्हणतो, इकडे आम्ही टाळ्या वाजवत फिरायचं?

रेंजवरचा
दादा, नाही चालणार. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक लिहिलीय. .२२ रायफल लिहिली होती ती रायफल क्लबच्या सभासदाला, निशाणाच्या सरावासाठी. आणि लायसन्स मिळालं तरी पोपट, ससा दोन्ही वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात. मारायचा नुसता प्रयत्नही शिकारीत मोडतो. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड.

त्यातही झाडावरच्या पाखरावर .२२ झाडणं म्हणजे कळस. नेम चुकला की गोळी वरच्या दिशेने निघते आणि दीड-दोन किलोमीटरवरसुद्धा उतरू शकते. तुमच्या भागात तेवढ्यात दोन वस्त्या आणि एक शाळा येते.

निफाडचा_बागाईतदार
मग छर्ऱ्याची घेतो. तिला लायसन्स लागत नाही.

रेंजवरचा
.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर शस्त्र म्हणून लागत नाही, खरंय. पण पोपट मेला तर वनखातं छर्रा होता की गोळी हे विचारणार नाही. नांदूरमध्यमेश्वर तुमच्या तालुक्यात आहे, तिकडचे लोक आधीच डोळे ठेवून असतात. जाळी टाका. महाग आहे मान्य, पण तुमच्या एका खराब कंटेनरपेक्षा स्वस्त.

निफाडचा_बागाईतदार
जाळीचे पैसे देणार तुम्ही? वादळात फाटली की पुन्हा टाकणार तुम्ही? कायदा मुंबई-दिल्लीचा आणि माल आमचा.

पेठचा_मास्तर
आमच्याकडे पोपट परवडला, रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून जातात. त्याला निदान रस्ता आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाच्या नुकसानीवर वनखात्याची परवानगी मागता येते. पण तिथेही .२२ नको. डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात बसतं आणि सकाळी तोडणीवाल्याच्या अंगावर येतं. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो आणि पंचनामा, ही पहिली पायरी. उशीर केला तर भरपाईलाही फाटे फुटतात.

ब्रनोवाला
विषय सोडून बोलतो. आजोबांची ब्रनो मॉडेल २ अजून लायसन्सवर आहे, पाच गोळ्यांचं मॅगझिन. सीझेड ४५७ त्याच घराण्यातली, पुढच्या पिढीची. आमच्या जुन्या बंदुकीच्या बोल्टवरचा हूक झिजलाय, टोपण (झाडलेलं रिकामं काडतूस) कधी कधी नळीतच राहतं आणि सुट्या भागासाठी वर्षभर फिरावं लागतं. गोदाकाठचा, तुमचा भाऊ नवी घेतोय तर दुकानात बोल्ट हळू ओढून टोपण नीट बाहेर पडतं का तेवढं बघायला सांगा. आणि डावखुरा असेल तर सॅव्हेज मार्क २ मध्ये डाव्या हाताचा बोल्ट मिळतो.

सटाणा_ते_सिडनी
मार्क २ मध्ये एचएमआर येत नाही. त्यासाठी सॅव्हेज ९३आर१७ बघायला सांगा. मी अजून माझ्या मतावर आहे.