छोट्या चर्च इन्फंट स्कूलमधलं शिक्षण खरंच चांगलं असतं का?

चाफा
लेक पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात जाईल, १५ जानेवारीपर्यंत अर्ज भरायचाय. आम्ही इंग्लंडमध्ये, हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात राहतो. घराजवळच चर्च ऑफ इंग्लंडची इन्फंट स्कूल आहे. रिसेप्शन ते इयर टू, म्हणजे साधारण चार ते सात वर्षांची, जेमतेम पन्नासेक मुलं, इयर वन आणि टू एकाच वर्गात. दुसरा पर्याय म्हणजे गाडीने जावं लागेल अशी मोठी प्रायमरी.

मला ही छोटीच शाळा हवी आहे. बघायला गेलो तेव्हा बाई तीन-चार मुलांना घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या. एक मुलगा 'शिप' वाचताना एस आणि एचचे आवाज सुटे सुटे म्हणत होता. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. त्या दोन अक्षरांखाली एक रेघ ओढली आणि थांबल्या. त्याने परत पाहिलं, 'श' म्हणाला आणि शब्द जुळवला. एवढ्या लहान मुलांच्या शाळेत याहून वेगळं काय बघायचं? नवरा म्हणतो, निकालच दिसत नाहीत, तर भरवसा कशाचा?

सातारकर
त्यांचं बरोबर आहे. इयर टूच्या सॅट्स, म्हणजे देशभरच्या चाचण्या, २०२३-२४ पासून ऐच्छिक झाल्या. इयर वनच्या फोनिक्स (अक्षरांच्या आवाजांवरून वाचण्याच्या) चाचणीत ४० शब्द असतात, त्यातले २० मुद्दाम निरर्थक, पण शाळेवार निकाल जाहीर होत नाहीत. राहिला ऑफस्टेड, म्हणजे शाळांची सरकारी तपासणी. 'आउटस्टँडिंग' हा सर्वात वरचा शेरा मिळालेल्या शाळांना २०१२ ते २०२० नेहमीच्या तपासणीतून सूट होती, म्हणून फाटकावरच्या जुन्या फलकावर जाऊ नका, अहवालाची तारीख बघा. मग उरतं काय, तर गावातल्या आयांचं कौतुक.

आणि जोडवर्गाचं म्हणाल तर मी झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत शिकलोय. एका इयत्तेला गुरुजी शिकवायचे तेव्हा दुसरी पाढे गिरवत बसायची. हुशार पोरांचा वेळ असाच जायचा.

निरगुडी
मी इंग्लंडमध्येच एका शाळेत इयर वनला शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. एका इयत्तेत १५ मुलं असतील तर एक मूल म्हणजे जवळजवळ सात टक्के. यंदा दोन मुलं मागे पडली की आकडा कोसळतो, पुढच्या वर्षी आपोआप वर येतो. एवढ्या लहान शाळेचे निकाल हातात असते तरी त्यावरून शिकवण्याबद्दल फारसं कळलं नसतं.

झेडपीशी तुलना मला पटत नाही, सातारकर. इथे इन्फंटच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, आणि बहुतेक वर्गांत मदतनीस असते. नीट चालवलेल्या जोडवर्गात इतिहास-विज्ञानाचे विषय दोन वर्षांच्या चक्राने घेतात, फोनिक्स आणि गणिताचे गट मात्र वेगळे. दुखणं असतं पैशाचं. अनुदान पटावर मिळतं. पट घसरला की आधी मदतनीसाचे तास जातात, आणि मग जोडवर्ग खरंच ओढाताणीचा होतो.

चाफाताई, शाळेत जाऊन हे विचारा: प्रत्येक मूल आठवड्यातून किती वेळा मोठ्या माणसासमोर वाचतं? जे मागे पडलंय त्याला कोण घेऊन बसतं, वर्गशिक्षिका की जो मोकळा असेल तो? उत्तर पटकन आलं नाही तर सावध व्हा.

रानवारा
चर्चबद्दल कुणीच बोलत नाहीये. रोजची सामूहिक उपासना कायद्याने सगळ्याच सरकारी शाळांत आहे हे खरं, पण चर्चच्या शाळेत ती मनापासून होते. पाच वर्षांच्या मुलीला गोष्ट कुठे संपते आणि श्रद्धा कुठे सुरू होते ते कळत नाही. शिक्षणाच्या दर्जात मी हे धरते. मुलीला त्यातून वगळायचा हक्क आहे तुम्हाला, पण सगळा वर्ग हॉलमध्ये गाणी म्हणताना एकटं बसायचं कुठल्या मुलीला आवडेल? निदान शाळा व्हॉलंटरी एडेड आहे की कंट्रोल्ड ते बघा, चर्चच्या सरकारी शाळांचे हे दोन प्रकार असतात. कंट्रोल्डमध्ये धर्मशिक्षण साधारणपणे स्थानिक अभ्यासक्रमानुसार असतं आणि प्रवेश कौन्सिल ठरवतं. एडेडमध्ये चर्चला जाणाऱ्यांना प्राधान्य असू शकतं.

चाफा
कंट्रोल्ड आहे. प्रार्थनेचं मला ओझं वाटत नाही, मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि संध्याकाळी घरी शुभंकरोतीही म्हटलं. शिक्षिका टिकतात का, ही काळजी मला जास्त आहे.

सातारकर
तीच तर गोष्ट! दोन-तीन शिक्षिकांच्या शाळेतून एक गेली की शाळाच बदलते. वर इयर थ्रीला ज्युनियर स्कूलसाठी पुन्हा अर्ज. पोर रुळतं न रुळतं तोच सातव्या वर्षी नवी शाळा, नव्या बाई. मोठ्या प्रायमरीत अकराव्या वर्षापर्यंत घोर नाही.

निरगुडी
बदल अवघड जातो, मान्य. पण त्याच ज्युनियर स्कूलला फोन करा. इयर थ्रीच्या शिक्षकांसमोर आसपासच्या सगळ्या इन्फंट शाळांची मुलं येतात. या शाळेतून आलेली मुलं वाचायला कशी असतात, सलग चार वाक्यं लिहितात का, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

चाफा
हे सुचलंच नव्हतं. सोमवारी फोन करते.

सातारकर
करा, आणि काय म्हणतात ते इथे लिहा. पहिला पसंतीक्रम मी तरी मोठ्या शाळेलाच देईन.