मदत हवी आहे : प्रोसेसर बसवताना लिव्हरला किती जोर लावावा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सिडकोत राहतो आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये गेली २२ वर्षे डाय आणि फिक्श्चर जुळवण्याचे काम करतो. मुलगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या ड्रॉइंगसाठी तयार संगणक न घेता सुटे भाग आणून आम्ही दोघांनी मिळून तो घरीच जोडायचा, असे ठरवले. दुकानदार जोडून द्यायला तयार होते. परंतु यंत्र एकदा स्वतःच्या हाताने उभे केले की पुढे ते उघडायची भीती राहत नाही, हे कामावर नव्या मुलांच्या बाबतीत मी अनेकदा पाहिले आहे आणि माझ्या मुलीलाही तो अनुभव मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रोसेसर इंटेल कोअर आय५-१२४०० आहे, मदरबोर्ड बी७६० चिपसेटचा, एलजीए १७०० सॉकेट (प्रोसेसर बसवायची १७०० पिनांची जागा) असलेला. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत आणि कूलर प्रोसेसरच्या खोक्यात आलेलाच वापरणार आहोत.

काल रात्री कामाला सुरुवात केली. सध्या इकडे थंडी कोरडी आहे आणि लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, म्हणून दोघांनीही सुती कपडे घातले आणि मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. सॉकेटची लिव्हर, म्हणजे प्रोसेसर दाबून धरणाऱ्या चौकटीची दांडी, खाली दाबून बाजूला सरकवली, धातूची चौकट उघडली, प्रोसेसर कडांना धरून त्याच्या कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवला आणि कडेच्या खाचा पाहून तो अलगद खाली ठेवला. इथपर्यंत सर्व सुरळीत होते. चौकट खाली घेऊन लिव्हर दाबू लागलो, तेव्हा मात्र अर्ध्यावर ती एवढी कडक झाली की अंगठ्याला वळ उठला, आणि वाळू चिरडल्यासारखा बारीक करकर आवाज आला. मी तिथेच थांबलो, लिव्हर सावकाश परत वर घेतली आणि प्रोसेसर सरळ उचलून बाजूला ठेवला.

आमच्या कामात पहिला धडा असा असतो की जॉब जोर लावून बसत असेल तर तो चुकीचा बसत आहे. त्यात भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओत त्या गृहस्थांनी लिव्हर एका बोटाने, दार लोटावे तशी खाली केली होती. त्यामुळे माझा हात पुढे जाईना.

दुसरी शंका पिनांविषयी आहे. द्राक्षबागेच्या ओळी बांधावरून तिरक्या पाहिल्या की एखादा खांब कललेला असला तरी लगेच नजरेत भरतो, त्याच पद्धतीने बॅटरी आडवी धरून सॉकेटमधल्या पिनांच्या ओळी तपासल्या. सर्व पिना एकाच दिशेने चमकतात. फक्त डाव्या कडेजवळची एक पीन मंद दिसते. ती वाकली असेल का? आणि अर्ध्यावर थांबून लिव्हर परत घेतल्याने काही बिघडले असेल का? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार काका. मी नाशिकरोडला संगणक दुरुस्तीचे काम करतो. आपण थांबलात ते उत्तम केले. प्रोसेसर नीट बसलेला असेल तर अर्ध्यावरून लिव्हर परत घेतल्याने सहसा काहीही बिघडत नाही.

भाच्याने पाठवलेला व्हिडिओ बहुधा एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या एएम४ सॉकेटचा असावा. त्यात पिना प्रोसेसरलाच असतात, तो भोकांमध्ये आपल्या वजनाने बसतो आणि लिव्हर केवळ त्या पिना पकडते, म्हणून ती हलकी असते. तिथे जोर लावावा लागला तर आपला टूलरूमचा नियम तंतोतंत लागू होतो. आपल्या सॉकेटची रचना वेगळी आहे. इथे पिना मदरबोर्डवर असून प्रत्येक पीन ही एक बारीक स्प्रिंग आहे. एका स्प्रिंगला केवळ २० ग्रॅम दाब लागतो असे धरले, तरी १७०० पिनांचे मिळून ३४ किलो होतात, आणि तो सगळा दाब आपल्या अंगठ्याखालची लिव्हर निर्माण करत असते. तेव्हा कडकपणा आणि करकर या दोन्ही गोष्टी अपेक्षितच आहेत. एएमडीनेही २०२२ मध्ये एएम५ आणताना पिना मदरबोर्डवर नेल्या, त्यामुळे त्यांच्या नव्या सॉकेटवरही लिव्हर अशीच जड लागते.

जोर लावण्यापूर्वी मात्र एक गोष्ट पाहावी. डोळे टेबलाच्या पातळीवर आणून प्रोसेसरचे चारही कोपरे सारखे खाली बसले आहेत ना, हे पाहा. एक कोपरा जरी वर असला तरी त्याला दाबू किंवा सरकवू नका; सरळ वर उचलून पुन्हा ठेवा. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण चौकटीत तसेच राहू द्या, लिव्हर बंद होताना ते आपोआप निसटून वर येते.

मंद दिसणाऱ्या पिनेला स्पर्श करू नका. मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढून मोठे करून पाहा. पीन वाकलेली असेल तर तिचे टोक प्रत्येक फोटोत ओळीबाहेर दिसेल. टोक ओळीत असेल आणि फक्त चमक कमी-जास्त होत असेल, तर ती धूळ किंवा उजेडाचा खेळ आहे. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो, आणि कापड तर मुळीच लावू नका, कारण त्याचा एखादा धागा अडकला की चांगल्या पिनाही ओढल्या जातात. कॅमेरा साफ करायचा रबरी ब्लोअर मिळाला तर तो वापरा. पीन खरोखरच वाकलेली आढळली, तर लिव्हर न लावता बोर्ड तसाच दुकानात दाखवा.

मूळ प्रश्नकर्ता

आपले मनःपूर्वक आभार. स्प्रिंगांचा हिशेब वाचल्याबरोबर सर्व उलगडले. एक स्प्रिंग हाताला मऊ लागते, पण प्रेस टूलमध्ये त्यांचा संच बसवला की काय होते, हे मी रोज पाहतो, तरी इथे ते सुचले नाही. फोटोंमध्ये त्या पिनेचे टोक ओळीतच दिसले आणि ब्लोअरने दोनदा हवा मारल्यावर तीही इतरांसारखी चमकू लागली. आता कूलरविषयी विचारतो. त्याच्या तळाला करड्या पेस्टचे पट्टे आधीच लावलेले आहेत. वेगळी पेस्ट लावावी का?

प्रतिसाद

लावू नका, तीच पुरेशी आहे. फक्त तिला बोट लागू देऊ नका. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, म्हणजे आपण फ्लँजचे बोल्ट आवळता त्याच क्रमाने दाबा आणि बोर्ड उचलून मागून पाहा. चारही टोके पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत. नवशिक्यांचे बहुतेक कूलर तिथेच तिरके राहतात आणि मग प्रोसेसर विनाकारण तापतो. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा आणि प्रोसेसरची आठ पिनांची वीजजोडणी विसरू नका.

मूळ प्रश्नकर्ता

आज संध्याकाळी लिव्हर मुलीने बंद केली. करकर झाली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले, मी मान डोलावली, आणि काळे झाकण टपकन वर आले. एक खुंटी मागून अर्धीच आलेली दिसली, ती काढून पुन्हा बसवली. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचे तापमान ३४ अंश दिसते आणि दोन्ही रॅम मिळून १६ जीबी दाखवतात. पीन वाकलेली असती तर एखादी रॅम दिसली नसती, असे कुठेसे वाचले होते, म्हणून ते मुद्दाम तपासले. झाकण बिलासह मदरबोर्डच्या खोक्यात जपून ठेवले आहे. वॉरंटीसाठी बोर्ड परत द्यायची वेळ आली तर ते लावूनच द्यावे लागते, असे दुकानदारांनी सांगितले.