मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबते, हे कुणी सांगितलं?

चाकोरीबाहेर: काल इथे फोरमवर लालकॅलिपर यांनी ठोकून दिलं की स्पोर्टी सेडान घेतली की पहिलं काम मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग). कंपनीचे ब्रेक म्हणे खेळणं, आणि नव्या किटने गाडी निम्म्या अंतरात थांबते. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून जरा सविस्तर.

साहेब, गाडी शेवटी टायर थांबवतात. करकचून ब्रेक दाबल्यावर पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, थरथरतं ना? म्हणजे आहे तोच ब्रेक टायरच्या पकडीला भारी पडतोय. त्याहून मोठा लावलात तर एबीएस जरा आधी थरथरेल, बाकी काही नाही. मोठ्या डिस्कचं काम उष्णता पचवणं. वेग १०० चा १४० झाला की ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि ब्रेक मारल्यावर तिची बहुतेक उष्णता डिस्कमध्येच जाते. ट्रॅकवर लागोपाठ वीस-पंचवीस वेळा असं करणाऱ्याला मोठी डिस्क हवीच. तुम्ही सिग्नल ते सिग्नल जाणार!

आधी चांगले टायर, मग ताजं ब्रेक ऑइल, मग पॅड. कॅलिपर सगळ्यात शेवटी. आणि हो, मोठ्या कॅलिपरवर बऱ्याचदा स्टेपनी बसत नाही. मला कसं कळलं ते विचारू नका.

लालकॅलिपर: 'निम्म्या' हे बोलण्याच्या भरात गेलं, मान्य. पण घाट उतरताना शेवटच्या वळणांवर माझं पेडल स्पंजासारखं तळापर्यंत गेलं होतं. शेजारी बायको, मागे दोन मुलं. तेव्हा तुमचं टायरपुराण ऐकत बसायचं होतं का? किट लावलं, त्यानंतर तोच घाट चारदा उतरलो, पेडल दगडासारखं. आणखी काय पुरावा पाहिजे?

ग्रीसवाला: पेडल तळाला गेलं म्हणजे ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले. किट बसवताना नवीन ऑइल भरलंच असणार, श्रेय मात्र कॅलिपरला! डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ३.७ टक्के पाणी शोषलं की तीच हमी १५५ वर येते. दर दोन वर्षांनी बदला म्हणून सांगून माझा घसा बसला. गाडीला दर महिन्याला पॉलिश, आणि ऑइल काढावं तर डबक्यातलं पाणी परवडलं.

उतारसम्राट: घाटात एवढा बाऊ कशाला? मी ३० वर्षं न्यूट्रलमध्ये उतरतोय, पाय ब्रेकवर हलका ठेवून. पेट्रोल वाचतं ते वेगळंच.

चाकोरीबाहेर: हे वाचून खुर्चीतून पडायचा बाकी होतो. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर, त्यात पाय सतत टेकलेला, म्हणजे डिस्कला थंड व्हायला उसंतच नाही. पेट्रोलही वाचत नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतंच.

उतारसम्राट: पुस्तकी ज्ञान. माझ्या पहिल्या गाडीने मला शिकवलंय.

ग्रीसवाला: ती इंजेक्शनच्या आधीची, कार्बोरेटरची होती का हो?

उतारसम्राट: होती. मग?

तिसरागिअर: मग काय, काका, गाडी बदलली, सवय नाही बदलली. माझे मामा तर उतारावर इंजिनच बंद करायचे. दोन-तीनदा ब्रेक दाबला, पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपला, पेडल लाकूड झालं. कडेच्या मातीच्या ढिगाऱ्याने वाचवलं. मी मागच्या सीटवर होतो, म्हणून हसू येत नाही.

उतारसम्राट: इंजिन बंद मी कधीच करत नाही! मामांचं पाप माझ्या माथी नको. आणि मला काका कुणी म्हणायचं नाही.

लालकॅलिपर: मंडळी, धागा ब्रेक किटचा आहे.

तिसरागिअर: तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरत होता, ते सांगा आधी.

लालकॅलिपर: ...पाचव्या.

ग्रीसवाला: घ्या! पाचव्यात इंजिन गाडीला फारसं रोखत नाही, सगळं ब्रेकवर येतं. ज्या गिअरमध्ये चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, एवढं साधं गणित. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड वापरावा, तो शोभेला दिलेला नाही.

उतारसम्राट: आज उतारावर स्क्रीनवर पाहिलं. तिसऱ्या गिअरमध्ये मायलेजचा आकडा ९९.९ वर जाऊन बसला, न्यूट्रलमध्ये त्याहून कमी. स्क्रीन बिघडलेली असू शकते. तरी सध्या गिअरमध्ये उतरतोय, तुमच्या समाधानासाठी.

चाकोरीबाहेर: उपकार झाले.

लालकॅलिपर: सर्व्हिसची जुनी बिलं काढली. घाटात फसलो तेव्हा ऑइल चार वर्षांचं होतं. तरी किट काढणार नाही, पेडलची पकड मला आवडते आणि पैसे माझे आहेत. आत्ता पुढच्या चाकाच्या जागी स्टेपनी लावून पाहिली. बसत नाही. हसा.

ग्रीसवाला: पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा, स्टेपनी मागे लावा. दोनदा जॅक लावावा लागेल, दुसरं काय.